जीनोम इंडिया प्रकल्प आणि भावी मनुष्यबळाचे नियोजन : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

बीजसंज्ञा : जीनोम इंडिया, मनुष्यबळ नियोजन, जैवतंत्रज्ञान शिक्षण, जनुकीय समुपदेशन, मंजूर पदे

प्रस्तावना

जीनोम इंडिया प्रकल्पातून जमा झालेली विदा देशातील संशोधकांसाठी खुली करण्यात येत असल्याची घोषणा ९ जानेवारी २०२५ रोजी नवी दिल्ली येथे झाली. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये हा प्रकल्प हाती घेतला होता. देशभरातील २० संस्थांचा सहभाग, ८० हून अधिक समाजगट, सुमारे २० हजार व्यक्तींचे रक्तनमुने आणि त्यांपैकी सुमारे १० हजार व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचाचे अनुक्रमण, असा त्याचा विस्तार आहे. फरिदाबाद येथील भारतीय जैविक विदा केंद्रात ठेवलेल्या या विदेचा आकार सुमारे ८ पेटाबाइट, म्हणजे अनुक्रमण झालेल्या दर व्यक्तीमागे सरासरी ८०० गीगाबाइटच्या घरात जातो. तिच्यातून सुमारे १८ कोटी जनुकीय भेदांची नोंद झाली. १९९० ते २००३ या काळात चाललेल्या आंतरराष्ट्रीय मानवी जनुकसंच प्रकल्पात भारत सहभागी नव्हता, हे लक्षात घेता ही कामगिरी मोठीच म्हटली पाहिजे.

तथापि, या प्रकल्पाविषयी जे आकडे जनतेसमोर मांडले गेले ते नमुन्यांचे, यंत्रांनी वाचलेल्या अक्षरांचे आणि साठवणुकीचे आहेत. ही विदा पुढील १० वर्षे वाचणारी, तपासणारी, रुग्णालयात वापरणारी आणि ज्यांनी रक्त दिले त्यांना तिचा अर्थ सांगणारी माणसे किती, कोणत्या पात्रतेची व कोणत्या पदांवर असावीत, याचा आकडा त्यांच्या जोडीने आलेला नाही. शासकीय विज्ञान प्रकल्पांत मनुष्यबळाचा विचार होत नाही असे मुळीच नाही. विचार होतो, परंतु तो पदवी आणि प्रशिक्षण या दोन पायऱ्यांवर थांबतो. तिसरी पायरी पदाची आहे, आणि ती बांधण्याची जबाबदारी कोणीही स्वतःची मानत नाही. भारतातील जनुकीय संशोधनाच्या मनुष्यबळ नियोजनातील मूळ दोष कौशल्याच्या अभावापेक्षा पदाच्या अभावाचा आहे, या भूमिकेतून प्रस्तुत लेखात या नियोजनाची चिकित्सा केली आहे.

पुरवठ्याचे नियोजन : चार दशकांचा अनुभव

राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान मंडळाची स्थापना १९८२ मध्ये झाली व १९८६ मध्ये त्याचे रूपांतर स्वतंत्र विभागात झाले. प्रयोगशाळा उभारण्याच्या बरोबरीने, किंबहुना काही ठिकाणी त्याही आधी, माणसे घडवण्याकडे या विभागाने लक्ष दिले, ही त्याची जमेची बाजू होय. निवडक विद्यापीठांत जैवतंत्रज्ञानाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले, त्यांत तत्कालीन पुणे विद्यापीठही होते. प्रवेशासाठी जवाहरलाल नेहरू विद्यापीठामार्फत देशपातळीवरील सामाईक परीक्षा घेतली जाई, २०२० पासून तिची जागा स्वतंत्र अभियोग्यता चाचणीने घेतली. १९८७ च्या सुमारास जैवमाहितीशास्त्राच्या केंद्रांचे देशव्यापी जाळे विणण्यास आरंभ झाला. जगातील अनेक देशांत संगणक आणि जीवशास्त्र यांची गाठही पडलेली नव्हती, त्या काळातील ही दूरदृष्टी होती. पुण्यातील जैवमाहितीशास्त्र केंद्र हे त्या जाळ्यातील एक महत्त्वाचे ठिकाण. पुढे पदवी महाविद्यालयांसाठी २००८ मध्ये स्टार कॉलेज योजना आली आणि अलीकडच्या काळात राज्यांच्या विज्ञान परिषदांच्या साहाय्याने कौशल्य विज्ञान कार्यक्रम राबवण्यात आला.

या सर्व योजनांचे मूल्यमापन मात्र एकाच मापाने झाले. किती केंद्रे, किती जागा, किती विद्यार्थी, किती प्रमाणपत्रे! ही मोजणी पुरवठ्याची आहे. पुरवठा वाढला की मागणी आपोआप निर्माण होईल, असे गृहीतक तिच्यामागे दडलेले आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या बाबतीत खाजगी उद्योगाने ते गृहीतक काही अंशी खरे करून दाखवले, आणि १९९० नंतरच्या धोरणकर्त्यांनी तोच नमुना जैवतंत्रज्ञानाला लावला. परंतु जनुकीय संशोधनाचा मोठा ग्राहक सार्वजनिक आरोग्ययंत्रणा हाच असतो. तेथे माणूस येतो तो बाजाराच्या मागणीने नव्हे, आकृतिबंधातील मंजूर पदावर, सेवाप्रवेश नियमांनुसार. ज्या पदाचे सेवाप्रवेश नियमच नाहीत त्या पदाची जाहिरात निघू शकत नाही, आणि जाहिरात निघत नाही तोवर त्या विषयातील पदव्युत्तर पदवी ही केवळ शोभेची वस्तू राहते.

महाराष्ट्रात २००१ मध्ये राज्याचे जैवतंत्रज्ञान धोरण जाहीर झाले, त्यानंतरच्या दशकात विनाअनुदानित तत्त्वावरील जैवतंत्रज्ञान अभ्यासक्रमांची संख्या झपाट्याने वाढली. जिल्ह्याच्या, क्वचित तालुक्याच्याही ठिकाणी हे अभ्यासक्रम पोहोचले. त्यांतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना औषधकंपनीतील गुणवत्ता तपासणी, वैद्यकीय प्रतिनिधीचे काम किंवा आपल्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावरील अध्यापन, यांपलीकडे वाट सापडली नाही. मागणीचा अंदाज न बांधता केलेल्या पुरवठ्याची किंमत अखेर या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी मोजली. शासकीय कागदपत्रांत मात्र त्यांची गणना 'प्रशिक्षित मनुष्यबळ' अशीच होते.

कोणती कौशल्ये?

जनुकीय संशोधन म्हटले की पांढरा कोट आणि अनुक्रमण यंत्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात यंत्र चालवणाऱ्यांची संख्या या संपूर्ण साखळीत सर्वांत कमी लागते, आणि यंत्र जसजसे सुधारते तसतशी ती आणखी कमी होते. साखळीचा आरंभ प्रयोगशाळेत होतच नाही. तो होतो कोणाचे रक्त घ्यायचे हे ठरवताना.

भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाने १९८५ मध्ये हाती घेतलेल्या 'भारतीय लोक' प्रकल्पात ४,६३५ समाजांची नोंद झाली. जीनोम इंडियाने त्यांतून ८० हून अधिक निवडले. ही निवड गणिताने होत नाही. जात, पोटजात, जमात, भाषा, प्रदेश आणि विवाहाची रीत यांची जाण असल्याशिवाय 'समाजगट' म्हणजे नेमके काय हेच ठरवता येत नाही. एकाच नावाने ओळखले जाणारे दोन गट परस्परांत विवाह करीत नसतील, तर आनुवंशिकीच्या दृष्टीने ते दोन गट होत. इरावती कर्वे यांनी हाच मुद्दा आयुष्यभर लावून धरला. त्यांनी आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्रातील सामाजिकदृष्ट्या समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक मोजमापे ताडून पाहिली होती. दर्जा व नाव समान असले तरी वंशही समान असतो असे नाही, ही कर्वे यांची भूमिका त्या अभ्यासाच्या मुळाशी होती. त्यासाठी शरीरमापन, रक्तगट, नातेसंबंधांच्या संज्ञा आणि गावोगावची पायपीट हे सारे एकाच अभ्यासकाच्या ठायी एकवटले होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील ही परंपरा पुढे विद्याशाखांच्या भिंतींत विभागली गेली. आज सामाजिक मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला आनुवंशिकीचे गणित शिकवले जात नाही आणि जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला कुळी व देवक म्हणजे काय हे ठाऊक नसते. भावी मनुष्यबळाचा आराखडा करणाऱ्यांनी या जोडकौशल्याचा साधा उल्लेखही करू नये, ही खेदाची बाब आहे. (ज्या देशात हाल्डेनसारखा शास्त्रज्ञ १९५७ मध्ये कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेत येऊन दाखल झाला, त्या देशात सांख्यिकी आणि आनुवंशिकी यांचीही अशीच फारकत व्हावी, हे त्याहून नवलाचे.)

निवडीनंतर येते संमती. कोऱ्या कागदावर अंगठा घेणे आणि माहितीपूर्ण संमती घेणे यांत जो फरक आहे, तो नमुना गोळा करणाऱ्या क्षेत्रकार्यकर्त्याच्या जिभेवर अवलंबून असतो. "तुमच्या रक्तातून तुमच्या पूर्वजांची आणि तुमच्या नातवंडांचीही माहिती मिळू शकते, ती अनेक वर्षे साठवली जाईल, आणि आज ठाऊक नसलेल्या कारणासाठी ती उद्या वापरली जाऊ शकेल" हे वाक्य गोंडी, भिली, कोरकू बोलणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगणे हे उच्च प्रतीचे कौशल्य आहे. त्याची पदवी नाही, प्रमाणपत्र नाही, पदही नाही. बहुधा प्रकल्पापुरता नेमलेला कंत्राटी कर्मचारी ते काम करतो आणि प्रकल्प संपला की त्याचा अनुभवही त्याच्याबरोबर निघून जातो.

त्यानंतरच्या टप्प्यावर, म्हणजे विदेच्या विश्लेषणाला, संगणकीय जैवशास्त्रज्ञ लागतात, हे आता सर्वमान्य आहे. त्यांच्या तुटवड्याची चर्चाही होते. परंतु साखळीच्या दुसऱ्या टोकाकडे, रुग्णालयाकडे, पुरेसे लक्ष जात नाही. वैश्य समाजाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. या समाजात ब्युटिरिलकोलिनएस्टरेज नावाच्या विकराची आनुवंशिक कमतरता इतरांच्या तुलनेत कित्येक पटींनी अधिक आढळते. एरव्ही ही कमतरता जाणवत नाही. मात्र शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी सक्सिनिलकोलिन दिले गेले, तर काही मिनिटांत उतरायला हवा तो परिणाम तासन्‌तास टिकतो आणि रुग्णाला श्वास घेता येत नाही. म्हणजे जनुकशास्त्रज्ञाने लावलेल्या शोधाचा लाभ व्हायचा असेल तर तो तालुक्याच्या रुग्णालयातील भूलतज्ज्ञाला ठाऊक असला पाहिजे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ गटांपैकी ८१ गटांत, मोजक्या पूर्वजांपासून विस्तार झाल्याच्या खुणा फिनलंडच्या किंवा अश्केनाझी ज्यू लोकांपेक्षाही तीव्र आढळल्या. त्यांपैकी १४ गटांची लोकसंख्या प्रत्येकी १० लाखांहून अधिक आहे. वैश्यांसारखी आणखी किती उदाहरणे दडलेली असतील याची यावरून कल्पना यावी. अशा परिस्थितीत भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ, परिचारिका आणि औषधनिर्माते हेही जनुकीय कार्यक्रमाचे मनुष्यबळच ठरतात. त्यांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाचा खर्च संशोधन प्रकल्पाने करायचा की आरोग्य विभागाने, या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नसल्यामुळे तो कोणीच करीत नाही.

समुपदेशकाविना चाचणी

पदाच्या अभावाचा सर्वांत गंभीर परिणाम जनुकीय समुपदेशनाच्या क्षेत्रात दिसतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. १७ राज्यांतील बाधित आदिवासी क्षेत्रांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन, अशी त्याची उद्दिष्टे ठरवण्यात आली. विदर्भातील व खानदेशातील अनेक तालुके या आजाराच्या छायेत असल्यामुळे महाराष्ट्राचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. हे अभियान जीनोम इंडियाहून वेगळे, दुसऱ्या मंत्रालयाचे आहे हे खरे. परंतु जनुकीय ज्ञान प्रयोगशाळेतून वस्तीवर जाते तेव्हा कोणत्या माणसांची गरज पडते, हे पाहण्यासाठी त्याहून चांगले उदाहरण नाही.

तपासणीनंतर व्यक्तीला तिची जनुकीय स्थिती नोंदलेले कार्ड मिळते. निरोगी, वाहक किंवा रुग्ण. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे पहिले सांगणे. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते, हे दुसरे. 'प्रत्येक' या शब्दावर सारे अवलंबून आहे. एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुरक्षित, असा अर्थ लावणारी कुटुंबे थोडी नाहीत, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. शक्यतेचे गणित पदवीधरांनाही चकवते. तिसरी गोष्ट याहून अवघड : ही माहिती कोणाला सांगायची आणि कोणाला नाही. मुलीचे कार्ड सासरच्यांच्या हाती पडले तर काय होईल, हे कार्ड छापणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

याविषयीचा जागतिक अनुभव सावध करणारा आहे. ग्रीसमधील ऑर्कोमेनॉस या गावात सिकलसेलच्या सार्वत्रिक तपासणीनंतर अभ्यासकांनी पाठपुरावा केला, तेव्हा वाहक तरुणतरुणींना लग्नाच्या बाबतीत कलंक सोसावा लागल्याचे आणि अनेकांनी आपली स्थिती लपवल्याचे आढळले. अमेरिकेत १९७२ मध्ये सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला. परंतु वाहक व रुग्ण यांतील फरक समजावण्याची व्यवस्था तोकडी पडल्यामुळे निरोगी कृष्णवर्णीय वाहकांना नोकरी व विमा नाकारला जाण्याचे प्रकार घडले. हवाई दलाच्या अकादमीने तर १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश नाकारला. त्याच देशात 'जनुकीय समुपदेशन' ही संज्ञा १९४७ पासून प्रचारात होती आणि १९६९ मध्ये सारा लॉरेन्स महाविद्यालयात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही सुरू झाला होता. तरीही हे घडले. कारण तपासणीचा वेग समुपदेशक तयार होण्याच्या वेगाच्या कितीतरी पुढे गेला होता.

भारतात हे काम बहुतांशी आशा कार्यकर्ती, प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा समुदाय आरोग्य अधिकारी यांच्यावर सोपवले जाते. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु लसीकरण, क्षयरोग, गरोदर मातांची नोंदणी आणि नाना प्रकारची सर्वेक्षणे सांभाळून अल्पकाळाच्या प्रशिक्षणावर त्यांनी आनुवंशिकीचे समुपदेशन करावे, अशी अपेक्षा ठेवणे हे नियोजन नव्हे. संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा २०२१ चा कायदा या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. त्याच्या अनुसूचीत सायटोजेनेटिसिस्ट, सेल जेनेटिसिस्ट, मॉलिक्युलर जेनेटिसिस्ट अशी प्रयोगशाळेतील नावे स्पष्टपणे आली. समुपदेशकांचा उल्लेख मात्र वर्तनविषयक आरोग्याच्या वर्गात, रोगसमुपदेशक अशा सर्वसाधारण छत्राखाली येतो. नमुन्याशी काम करणाऱ्याला नाव मिळाले आणि माणसाशी काम करणाऱ्याला ते मिळायचे आहे. कायद्यातील नाव हे पुढे अभ्यासक्रम, नोंदणी, सेवाप्रवेश नियम आणि वेतनश्रेणी यांचे मूळ असते, म्हणून हा तपशील क्षुल्लक समजू नये.

जैवतंत्रज्ञान विभागाच्याच 'उम्मीद' या २०१९ मधील उपक्रमाने वेगळी दिशा दाखवली होती, याची नोंद घेणे न्यायाचे ठरेल. आनुवंशिक आजारांच्या निदानासाठी शासकीय रुग्णालयांत 'निदान' केंद्रे उभारणे आणि शासकीय रुग्णालयांतीलच डॉक्टरांना आनुवंशिकीचे प्रशिक्षण देणे, असे त्याचे स्वरूप होते. येथे प्रशिक्षणार्थी आधीपासून पदावर होता. शिकून तो परत त्याच रुग्णालयात जाणार होता. योजनेचा आवाका लहान होता, तरी तिच्यामागील तर्क इतर योजनांपेक्षा सरस होता. जीनोम इंडियासारख्या कितीतरी मोठ्या प्रकल्पात तो तर्क पुढे का नेला गेला नाही, हे कळत नाही.

इंग्लंडचा नमुना आणि त्याच्या मर्यादा

इंग्लंडमध्ये एक लाख जनुकसंचांचा प्रकल्प २०१२ च्या अखेरीस जाहीर झाला आणि अनुक्रमणाचे उद्दिष्ट डिसेंबर २०१८ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जोडीने २०१४ मध्ये आरोग्य शिक्षणाच्या शासकीय संस्थेने २ कोटी पौंडांचा जनुकीय शिक्षण कार्यक्रम आखला. विद्यापीठांत जनुकीय वैद्यकाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले व त्यांत प्रामुख्याने आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांनाच शुल्काचे साहाय्य देऊन पाठवण्यात आले. २०११ पासून चालत आलेली वैज्ञानिक प्रशिक्षण योजना याहून उद्बोधक आहे. तिच्यात उमेदवार तीन वर्षे रुग्णालयाचा पगारी कर्मचारी असतो आणि काम करता करता पदव्युत्तर पदवी घेतो. जनुकीय समुपदेशन व वैद्यकीय जैवमाहितीशास्त्र या शाखाही तिच्यात आहेत. २०१८ मध्ये राष्ट्रीय जनुकीय वैद्यक सेवा सुरू झाली तेव्हा सात प्रादेशिक प्रयोगशाळा आणि चाचण्यांची एक राष्ट्रीय यादी निश्चित करण्यात आली. या यादीचे महत्त्व प्रथमदर्शनी ध्यानात येत नाही. कोणत्या आजारासाठी कोणती चाचणी होणार आणि ती कोण सांगू शकणार हे एकदा ठरले की वर्षाला किती चाचण्या, किती अहवाल आणि म्हणून किती माणसे, हा हिशेब मांडता येतो. मनुष्यबळाचा आकडा अशा प्रकारे कामाच्या आकड्यातून निघतो. भारतात तो महाविद्यालयांच्या प्रवेशक्षमतेतून काढला जातो.

इंग्लंडमध्येही सारे सुरळीत झाले असे समजण्याचे कारण नाही. रुग्णांना निकाल मिळण्यास विलंब झाला. ब्रिटिश संसदेच्या विज्ञान व तंत्रज्ञान समितीने २०१८ मध्ये प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या आणि संगणकीय सुविधांच्या कमतरतेबद्दल इशारा दिला. प्रशिक्षण योजनेतील पगारी जागाही मुदतीच्याच असतात, पुढील नोकरीची हमी त्यांत नसते. शिवाय एकाच राष्ट्रीय आरोग्यसेवेचा देश आणि आरोग्य हा राज्यांचा विषय असलेला देश यांची तुलना एका मर्यादेपलीकडे ताणता येणार नाही. केंद्राचा संशोधन विभाग महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागात पद निर्माण करू शकत नाही. परंतु तो पदाचा पहिल्या पाच वर्षांचा खर्च उचलू शकतो आणि ते पद राज्याने पुढे चालू ठेवण्याची अट घालू शकतो. केंद्रपुरस्कृत योजनांत अशा अटी नवीन नाहीत.

कौशल्याचे आयुष्य

नियोजनातील आणखी एका भ्रमाकडे थोडक्यात लक्ष वेधणे आवश्यक आहे. कौशल्य म्हणजे तंत्र, हा तो भ्रम. १९९० च्या दशकात जेलवरील पट्टे वाचणारा तंत्रज्ञ अनुक्रमणाचा कणा होता. पंधरा वर्षांत ते काम यंत्राने संपवले. त्यानंतर विश्लेषणाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांचा काळ आला. २०२३ मध्ये अल्फामिसेन्स या संगणकीय प्रणालीने मानवी प्रथिनांतील संभाव्य बदलांपैकी बहुसंख्य बदलांचे घातक व निरुपद्रवी असे वर्गीकरण करून दाखवले, तेव्हा त्याही कामाचा काही भाग यंत्राकडे गेला. पाच वर्षांच्या योजनेत विशिष्ट तंत्राचे प्रशिक्षण ठरवायचे आणि योजना मंजूर होऊन अंमलात येईपर्यंत ते तंत्र कालबाह्य व्हायचे, असा हा खेळ आहे. सांख्यिकीय विचार, नैतिक विवेक आणि रुग्णाशी बोलण्याची कला यांचे आयुष्य त्या मानाने दीर्घ असते. नेमक्या याच गोष्टी अल्पमुदतीच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांत बसत नाहीत. विद्यापीठांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत अद्याप कांद्याच्या मुळाग्रातील पेशीविभाजन विचारले जाते, हे वैगुण्य म्हणून नेहमी सांगितले जाते. वास्तविक कांद्याचे मूळ वाईट नाही. निरीक्षण शिकवण्यास ते उत्तमच आहे. वैगुण्य आहे ते त्याच विद्यार्थ्याला पाच हजार व्यक्तींच्या विदेतील शक्यतेचा अर्थ लावण्याची संधी दोन वर्षांत एकदाही न मिळण्यात.

मानवी जनुकसंच प्रकल्पाने याबाबत एक उपयुक्त पायंडा पाडला होता. नैतिक, कायदेविषयक व सामाजिक परिणामांच्या अभ्यासासाठी अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जनुकसंच संशोधनाच्या निधीपैकी आरंभी ३ व पुढे ५ टक्के रक्कम राखून ठेवली. त्या पैशातून विधिज्ञ, समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ अशा अभ्यासकांची एक पिढी उभी राहिली. सदिच्छेने ती उभी राहिली नसती. अर्थसंकल्पातील तरतुदीने राहिली. याच देशातील अलीकडचा अनुभव उलट दिशेचा आहे. तेथील राष्ट्रीय मानवी जनुकसंच संशोधन संस्थेने जानेवारी २०२१ मध्ये वैविध्यपूर्ण मनुष्यबळ उभारण्याचा दीर्घकालीन कृती आराखडा प्रसिद्ध केला, परंतु २०२५ मध्ये राजकीय धोरण पालटताच राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या छत्राखालील अशा स्वरूपाचे अनेक प्रशिक्षण कार्यक्रम बंद करण्यात आले. वार्षिक अनुदानावर उभे केलेले मनुष्यबळ किती अस्थिर असते, हे त्यावरून दिसते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे स्थान

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांची २०२३-२४ पासून पुनर्रचना झाली आणि तिच्यात कार्यस्थळी प्रशिक्षणाला श्रेयांक देण्यात आले. कल्पना स्वागतार्ह आहे. पुणे, मुंबई येथील विद्यार्थ्यांना राष्ट्रीय संस्था व खाजगी प्रयोगशाळा हाताशी आहेत. गडचिरोली, नंदुरबार, बुलढाणा येथील आनुवंशिकीच्या विद्यार्थ्याने मात्र कोणत्या कार्यस्थळी जावे? व्यवहारात तो जवळच्या रोगनिदान प्रयोगशाळेत काही आठवडे काढून प्रमाणपत्र आणतो.

विशेष हे की ज्या जिल्ह्यांत असे कार्यस्थळ नाही, तेथेच सिकलसेलची तपासणी चालू आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणीचे अहवाल येतात, कार्डे वाटली जातात, आणि त्याच शहरातील महाविद्यालयात आनुवंशिकी शिकणारे, घरी त्या वस्तीची भाषा बोलणारे विद्यार्थी असतात. या दोहोंची भेट होत नाही, कारण एक संस्था आरोग्य विभागाची, दुसरी उच्च शिक्षण विभागाची आणि ज्यांच्या नमुन्यांवर देशपातळीवरील संशोधन चालते ते लोक आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत. कार्यस्थळी प्रशिक्षणाचे श्रेयांक जिल्हा रुग्णालयातील समुपदेशन कक्षाला जोडण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. विद्यापीठाचे अभ्यासमंडळ आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्यातील सामंजस्य करार पुरेसा आहे. त्या कक्षात मार्गदर्शन करणारा एक पूर्णवेळ प्रशिक्षित समुपदेशक मात्र लागेल, आणि त्यासाठी पद मंजूर व्हावे लागेल.

जीनोम इंडियाची व्याप्ती वाढवण्याची भाषा आता ऐकू येते. पुढील टप्प्याचा प्रस्ताव तयार होताना नमुन्यांच्या संख्येशेजारी पदांच्या संख्येचाही रकाना असावा. प्रत्येक सहभागी संस्थेत किती नियमित पदे, ज्या जिल्ह्यांतून रक्त घेतले तेथे किती समुपदेशक, त्यांचे वेतन कोणत्या लेखाशीर्षातून आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे त्या रकान्यात लिहिले जावे. नमुना दिलेल्या २० हजार व्यक्तींपैकी ज्यांच्या जनुकसंचात उपचारयोग्य दोष आढळेल, त्यांच्याकडे परत कोण जाणार, हेही त्याच रकान्यातून ठरेल.